तिच्या निबंधातलं माझं वाक्य

'त्या क्षणी बाबांच्या डोळ्यांसमोर यंत्र नव्हतं, माझा उद्याचा वाढदिवस होता.'

हे वाक्य मी लिहिलं आहे. छापलं गेलं ते नववीतल्या माझ्या एका विद्यार्थिनीच्या नावानं, आणि लोणावळ्याच्या एका सभागृहात ते तिच्याच आवाजात वाचलं गेलं. ज्यांच्याविषयी ते होतं ते तिचे वडील तिसऱ्या रांगेत बसून ऐकत होते. मी पहिल्या रांगेत होतो. टाळ्या सुरू झाल्या तेव्हा मीही वाजवल्या.

मी मराठी शिकवतो. राहतो लोणावळ्यात, शाळा आहे मावळच्या पूर्वेला, सुदुंबऱ्याच्या बाजूला. सकाळी लोकलनं तळेगावपर्यंत आणि तिथे ठेवलेल्या मोटारसायकलवरून पुढे. वीसेक वर्षं हेच चाललंय. बहुतेक शाळांत निबंध शिकवणं म्हणजे निबंध लिहून देणं. गाइडमधून उतरवायचा, पाठ करायचा, परीक्षेत ओतायचा. मी तसं करत नाही, याचा मला अभिमान होता. तो अभिमान मी शिक्षकांच्या खोलीत लपवतही नव्हतो.

मी फळ्यावर भाताची खाचरं काढायचो. एक परिच्छेद म्हणजे एक खाचर. एका खाचरात एकच पीक. चारी बाजूंनी बांध, नाहीतर पाणी थांबत नाही. पहिल्याच वाक्यात सांगून टाका इथे काय लावलंय. आणि पाणी पुढच्या खाचरात जायला एक तोंड ठेवा, ते तुमचं जोडवाक्य. मुलांना हे लगेच कळायचं. एकदा मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "सर, आमच्या खाचरावर आता गोडाऊन झालंय. मंग आमी परिच्छेद कुटं करायचा?" वर्ग हसला. मीही हसलो आणि म्हणालो, "गोडाऊनमध्येही माल लावून ठेवतात रे. तसा लाव."

दुसरी माझी सवय लाल पेनाची. वहीच्या समासात मी एकच शब्द लिहायचो, 'का?' आणि खाली, 'कारण द्या.' मुलं लिहायची, 'आम्ही खूप घाबरलो.' मी लिहायचो, 'का?' मुलं लिहायची, 'आजोबा शेत विकायला तयार झाले नाहीत.' 'का? कारण द्या.' ज्या परिच्छेदात कारण नाही तो उभा राहत नाही, असं मी सांगायचो. आजही ते चूक आहे असं मला वाटत नाही. म्हणूनच मला स्वतःची जास्त भीती वाटते.

त्या वर्षी तालुक्यातल्या शाळांसाठी एका मंडळानं निबंधस्पर्धा ठेवली. विषय होता 'आमच्या घरातला न विसरता येणारा दिवस'. मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं. खिडकीतून रस्ता दिसत होता आणि रस्त्यावरून इंग्रजी माध्यमाची पिवळी बस चालली होती.

"बघा," ते म्हणाले, "दोन वर्षांपूर्वी एक बस यायची. आता तीन येतात. आपल्याला ढाल पाहिजे सर. पालकांना कपाटात काहीतरी चकाकताना दिसलं पाहिजे."

"मुलं लिहितील," मी म्हणालो.

"मुलं लिहितीलच. तुम्ही लक्ष घाला."

लक्ष घालणं म्हणजे काय, ते दोघांनाही माहीत होतं. सगळ्या शाळांतले मराठीचे शिक्षक लक्ष घालतात. मुलाचा निबंध शिक्षकाच्या हाताखालून गेल्याशिवाय स्पर्धेला जात नाही, आणि परीक्षकही ते धरूनच चालतात. मी मात्र स्वतःला सांगितलं, आपण फक्त मांडणी सुधारायची. मजकूर मुलांचा.

ही मुलगी वर्गात फार बोलायची नाही. वडील जवळच्याच एका छोट्या कारखान्यात प्रेस मशीनवर होते. पत्र्याचे तुकडे मशीनखाली धरायचे, पायानं पायडल दाबायचं, वरून दाब आला की पत्र्याला आकार येतो, मग तो काढून दुसरा ठेवायचा. आदल्या डिसेंबरात त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं त्या मशीनमध्ये गेली होती. तिनं त्या दिवसावर लिहिलं. तिचा कच्चा खर्डा मी स्टाफरूममध्ये उभ्यानंच वाचला आणि बसलो.

'फोन आला तेव्हा आई भात पाखडत होती. सूप तिच्या हातातच राहिलं आणि ती सूप घेऊनच रस्त्यापर्यंत गेली. बाबा दोन दिवसांनी घरी आले. त्यांनी माझ्याकडे डाव्या हातानं पाणी मागितलं. मी पेला उजव्या बाजूला धरला होता, सवयीनं. मशीनची जाळी काढून ठेवली होती असं काका म्हणाले.'

इतकं चांगलं माझ्याकडे बऱ्याच वर्षांत कुणी लिहिलं नव्हतं. तिथेच मी थांबायला हवं होतं. पण मला ढाल दिसत होती, आणि खरं सांगायचं तर ढालीपेक्षाही जास्त, आपण या निबंधाला काय करू शकतो ते दिसत होतं. मधल्या सुट्टीत मी तिला बोलावलं.

"इथं कारण नाही," मी म्हणालो. "अपघात झाला. पण का झाला?"

"लिवलंय ना सर. जाळी काढली होती."

"जाळी म्हणजे?"

"मशीनच्या तोंडाला असती. हात आत जाऊ नये म्हणून. ती असली की काम हळू होतं, म्हणून काढून ठेवतात."

"हे परीक्षकांना नाही कळणार. निबंध घरातल्या दिवसाचा आहे, कारखान्याचा नाही. हे विषयांतर होतंय." मी ते वाक्य लाल पेनानं खोडलं. एक आडवी रेघ, पट्टीनं मारल्यासारखी सरळ. "एका परिच्छेदात एकच कारण पाहिजे, आणि ते घराशी जोडलेलं पाहिजे. वडील काही म्हणाले का तुला?"

"बाबा कायच बोलत नाहीत त्यावर."

"तारीख कोणती होती?"

"माझ्या वाढदिवसाच्या आदला दिवस."

त्या क्षणी मला आनंद झाला. हे लिहिताना लाज वाटते, पण झाला तो आनंदच होता. अडलेलं पाणी मोकळं व्हावं तसं सगळं जुळून आलं. मी तिची वही ओढून घेतली आणि खोडलेल्या वाक्याच्या वर, माझ्या अक्षरात, वाढदिवसाचं ते वाक्य लिहिलं.

तिनं वाचलं. "असं होतं का सर?" तिनं विचारलं.

"असंच असणार," मी म्हणालो. "बापाचं मन असतं ते."

तिनं मान हलवली आणि वही घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी पक्का निबंध आला, स्वच्छ अक्षरात, माझ्या वाक्यासकट.

बक्षीस समारंभ सप्टेंबरात होता. पहिला नंबर तिचा आला. परीक्षकांपैकी एक बाई बोलायला उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सगळ्या निबंधांत एक वाक्य असं होतं की ते वाचून मी चष्मा काढून ठेवला." आणि त्यांनी ते वाचून दाखवलं. मग मुलीला पूर्ण निबंध वाचायला सांगितलं. ती न अडखळता वाचत गेली. तिची आई पदर तोंडाला लावून रडत होती. वडील रडले नाहीत. उजवा हात शर्टाच्या आत, पोटाशी धरून ते मुलीकडे नुसते बघत राहिले, जणू ती त्यांच्याविषयी काहीतरी बातमी सांगत होती.

बाहेर चहा होता. ते कागदी कप डाव्या हातात धरून माझ्याजवळ आले.

"सर, पोरीनं लय चांगलं लिवलंय."

"हुशार आहे ती."

"व्हय. पर तिला ह्ये कुनी सांगितलं?"

"काय?"

"वाडदिवसाचं. मी तर घरात कुनाला कायच बोललो न्हाई."

तेव्हा सांगता आलं असतं. आजूबाजूला चार माणसं होती, ढाल मुख्याध्यापकांच्या काखेत होती, फोटो निघत होते. पण एक वाक्य बोलायला कितीसा वेळ लागतो? मी म्हणालो, "मुलांना सगळं कळतं हो."

त्यांनी मान डोलावली आणि चहा संपवला.

मंडळानं निवडक निबंधांची पुस्तिका छापली. दिवाळीनंतर त्याच कारखान्यात, त्याच मशीनवर, आणखी एकाचा हात थोडक्यात वाचला. तेव्हा मुलीच्या वडिलांनी हिंमत करून अर्ज दिला, की मशीनला जाळी नसते, ती काढून ठेवलेली असते, माझी बोटंही त्यामुळेच गेली. चौकशीला एक सरकारी अधिकारी आले. हे सगळं मला कळलं ते नोव्हेंबरात एका दुपारी, वडील शाळेच्या फाटकाशी येऊन थांबले तेव्हा. ते अजून तिथेच कामाला होते, आता मशीनवर नाही, पॅकिंगला.

"सर, जरा बोलायचं हुतं."

आम्ही सायकलींच्या शेडखाली उभे राहिलो.

"सायेब आलते. समद्यांना इचारलं. मला म्हनले, हात आत गेला तवा तुमचं लक्ष कुटं हुतं? मी तोंड उगडायच्या आत आमच्या मॅनेजरनं त्ये पुस्तक फुडं ठिवलं. म्हनला, सायेब, ह्येंच्या पोरीनंच लिवलंय बगा. वाडदिवसाचा इचार करत हुते. आमच्या मशीनीचा काय दोष?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"गप बसलो."

"का?" माझ्या तोंडून नेहमीचा शब्द गेला.

"आदी मला ठावं हुतं सर, तवा काय चाललं हुतं त्ये. म्हंजी कुनी इचारलं न्हवतं, पर ठावं हुतं. आता पोरीनं वाचल्यापास्नं डोळं मिटलं का केकच दिसतोय. त्यावर तिचं नाव. मशीन दिसतच न्हाई. मंग मी सायबाला कसं सांगू, माजं ध्यान कामावर हुतं म्हनून? पोरगी खोटी पडंल की."

त्यांना असं वाटत होतं की मुलीला खरं माहीत आहे, आणि मुलीच्या सांगण्यावरून ते स्वतःची आठवण दुरुस्त करत होते.

"सायेब परत येनार हायती, पंधरा दिसांनी. तुमी शिकल्याली मानसं. काय सांगू त्यास्नी?"

मी म्हणालो, "आठवेल तसं सांगा."

ते "बरं" म्हणून गेले. त्या 'बरं'नंतरचे दिवस मला नीट सांगता येणार नाहीत. जेवण जायचं नाही. लोकलमध्ये खिडकीशी बसून मी मनातल्या मनात कबुलीजबाब लिहायचो आणि तळेगाव येईपर्यंत खोडून टाकायचो. जाळी पुन्हा बसणार की नाही, ते त्या चौकशीवर होतं, आणि चौकशी त्या माणसाच्या बोलण्यावर. त्या मशीनसमोर आत्ता, मी चहा पितोय तेव्हा, कुणीतरी बसलेलं आहे. फोन वाजला की वाटायचं, आणखी कुणाचा तरी हात गेला.

मुख्याध्यापकांना सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं.

"सर, शुद्धलेखन तपासताना एखादं वाक्य इकडचं तिकडं होतं. सगळे करतात."

"मी कारण बदललं."

"तुम्ही निबंध सुधारला. कारखान्यानं तो पुरावा म्हणून वापरला, हा त्यांचा नीचपणा. तुम्ही कशाला मध्ये पडता? ढाल परत द्यावी लागेल. मुलीचं नाव पेपरात येईल, नक्कल केली म्हणून. आणि मी मे महिन्यात रिटायर होतोय. या खुर्चीवर कोण बसणार, ते तुम्हाला माहीत आहे. विचार करा."

मी विचार केला. लाज वाटते, पण खुर्चीचाही केला. घरी बायकोला सांगितलं तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "आयुष्यभर लोकांच्या वहीत लिहीत आलात. आता एकदा स्वतःच्या नावानं लिहा." मी चिडलो. चिडायला कारण नव्हतं.

आणि मग तो तास आला. नववीला 'कारण आणि परिणाम' या प्रकारचा परिच्छेद शिकवायचा होता. मला तो टाळता आला असता, पण टाळायचं कारण वर्गाला काय सांगणार? मी फळ्यावर खाचर काढलं. म्हणालो, घरातली कुठलीही एक गोष्ट घ्या, ती का होते ते लिहा. सात-आठ वाक्यं. वह्या गोळा करून घरी आणल्या.

तिच्या वहीत हे होतं. मी ते उतरवून ठेवलं आहे.

'यंदा मी माझा वाढदिवस साजरा करणार नाही. वाढदिवस जवळ आला की घरातल्या मोठ्या माणसांच्या मनात त्याचे विचार येऊ लागतात. मनात दोन गोष्टी असल्या की माणसाचे हातातल्या कामावर लक्ष राहत नाही. मागच्या वर्षी माझ्या वडिलांचे असेच झाले. म्हणून मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर केलेली खूण पुसली आहे. ज्या घरात मशीनवर काम करणारे माणूस आहे, त्या घरातल्या मुलांनी आपला वाढदिवस कोणाच्या लक्षात येऊ देऊ नये.'

पहिल्या वाक्यात विषय. मग कारण, कारणाला आधार, उदाहरण, परिणाम. शेवटचं वाक्य घराबाहेर नेणारं. मी लाल पेन हातात धरून बसलो होतो आणि त्या परिच्छेदात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. जे शिकवलं होतं ते तिनं सगळं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी तिला ग्रंथालयाच्या खोलीत बोलावलं. दार उघडं ठेवलं. बसायला सांगितलं तर ती उभीच राहिली.

"ते वाढदिवसाचं वाक्य," मी म्हणालो, "ते खरं नाही. मी मनानं लिहिलं होतं."

तिनं मान वर केली.

"तुझ्या वडिलांच्या मनात काय होतं ते मला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. तू लिहिलेलं बरोबर होतं, जाळीचं. मी ते खोडलं."

"तुम्ही लिवलं ते माहितीच आहे मला सर," ती हळू म्हणाली. "मी तितंच उभी होते. पण मला वाटलं तुम्ही बाबांना विचारलं असेल. तुम्ही 'असंच असणार' म्हणालात ना. मला वाटलं, बाबा मला सांगत नाहीत पण सरांना सांगितलं असेल."

मला हे कधी सुचलंच नव्हतं. तिच्या लेखी शिक्षक समासात जे लिहितो ते चौकशी करून लिहितो.

"नाही विचारलं," मी म्हणालो.

"मग पुस्तकात छापलं कसं?"

मी तिच्याकडे कच्ची वही मागितली. ती तिच्या दप्तरातच होती, गणिताच्या आकडेमोडीला वापरायला घेतलेली. निबंधाची पानं शाबूत होती.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. अंगणात वडील डाव्या हातानं दोरी वळायचा सराव करत बसले होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, कारण बसलो असतो तर मध्येच थांबलो असतो. त्यांची बायको दारात आली.

"सर," ती म्हणाली, "इचारायला यायचं हुतं की तवा. च्या तरी पाजला असता आमी."

त्यापेक्षा तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. वडील काही रागावले नाहीत. त्यांनी दोरी खाली ठेवली आणि मला विचारलं, अगदी खरंखुरं विचारलं, "मंग माजं ध्यान कुटं हुतं सर?"

"ते मला कसं माहीत असणार?"

"न्हाई, आता मलाबी न्हाई ना."

गुरुवारी अधिकारी आले तेव्हा मी रजा टाकून कारखान्यात गेलो. पत्र्याची शेड, तेलाचा वास, चार मशीनं. त्यातलं एक बंद ठेवलं होतं. कोपऱ्यात लाकडी पार्टिशनची केबिन. अधिकारी चाळिशीचे, कंटाळलेले, पण ऐकून घेणारे. मॅनेजर पुस्तिका घेऊनच बसला होता. मी कच्ची वही टेबलावर उघडून ठेवली.

"हे खोडलेलं वाक्य कुणाचं?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"मुलीचं."

"आणि वर लिहिलेलं?"

"माझं."

"तुम्ही अपघाताच्या वेळी इथं होतात?"

"नाही."

"यांच्याशी बोलला होतात?"

"नाही."

"मग तुम्हाला कसं कळलं?"

"कळलं नव्हतं. वाक्य चांगलं वाटलं."

मॅनेजर हसला. "म्हणजे सर, तुम्ही मुलांना खोटं लिहायला शिकवता होय?"

"यावेळी शिकवलं," मी म्हणालो.

अधिकाऱ्यांनी मला कागद दिला आणि जे बोललात ते लिहून सही करा म्हणाले. मी दहा मिनिटं त्या कागदाकडे बघत बसलो. पहिलं वाक्य जमेना. प्रत्येक वाक्याच्या शेवटी मला स्वतःची बाजू दिसत होती, 'चांगल्या हेतूनं', 'स्पर्धेच्या दबावामुळे'. ती सगळी खोडून चार ओळी राहिल्या. सही केली.

मग त्यांनी वडिलांना पुन्हा तोच प्रश्न विचारला. लक्ष कुठं होतं? आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत होतो. त्यांचं तोंड उघडलं आणि मिटलं. मला वाटलं, झालं, आता हे गप्पच राहणार, आणि माझा कागद नुसता फायलीत जाणार.

"सायेब," ते शेवटी म्हणाले, "मी मशीनपाशी हुबा राहू का जरा?"

मशीनचा मेन स्विच बंद आहे याची अधिकाऱ्यांनी दोनदा खात्री करून घेतली. वडील त्या लोखंडी स्टुलावर बसले. शर्टात लपवलेला उजवा हात त्यांनी बाहेर काढला. वर्षभरात मी तो पहिल्यांदाच पाहिला. रिकाम्या हातानं त्यांनी नसलेला पत्रा उचलला, आत सरकवला, पाय दाबला, काढला, डावीकडे टाकला. पुन्हा. पुन्हा. चौथ्या-पाचव्या वेळी त्यांचे ओठ हलायला लागले. आवाज नव्हता, नुसते ओठ. मग आवाजही आला.

ते मोजत होते.

"मोजत हुतो सायेब," हात तसाच ठेवून ते म्हणाले. "जेवायच्या सुट्टीच्या आदी खोका भरायचा असतो. मोजल्याबिगर हात चालत न्हाई. माजं समदं ध्यान मोजन्यात हुतं. पत्रा जरा वाकडा बसला, म्हनून बोटानं सरळ केला, आन् पाय सवयीनं खाली गेला. जाळी असती तर बोट आत गेलंच नसतं."

अधिकाऱ्यांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. मग ते वाकून मशीनच्या तोंडाशी बघत राहिले, जाळीच्या बोल्टच्या भोकांत बोट घालून त्यांनी आतली गंजाची पूड बाहेर काढली आणि मॅनेजरला दाखवली. मॅनेजर फोन करायला बाहेर गेला.

निकाल अजून आलेला नाही. चारही मशीनांना जाळ्या बसल्यात असं वडिलांकडून कळलं, तात्पुरत्या की कायमच्या ते कुणाला माहीत नाही. मी रोज कारखान्याच्या फाटकाशी त्यांना विचारतो आणि ते रोज म्हणतात, "हायेत, हायेत." मी मंडळाला सगळं कळवलं, ढाल परत गेली. मंडळाच्या पत्रात मुलीचा दोष नाही असं स्पष्ट लिहून मागितलं, ते मिळालं. मुख्याध्यापक म्हणाले, "सर, तुम्ही शाळेच्या पायावर धोंडा मारलात." त्यानंतर ते माझ्याशी कामापुरतंच बोलतात. त्यांचंही अगदी चूक आहे असं नाही. जूनमध्ये पाचवीत किती मुलं येतील, याची धाकधूक मलाही आहे. आणि वीस वर्षांच्या वह्यांत मी असं आणखी काय काय लिहून ठेवलं असेल, ही धाकधूक तर मोजण्यापलीकडची आहे.

कारखान्यातून बाहेर पडताना वडील म्हणाले होते, "पोरीला तुमीच सांगा. मला न्हाई जमायचं. रडू येईल."

म्हणून दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी पहिल्या तासाआधी, मी तिला व्हरांड्यात गाठलं. डिसेंबरचा पहिला आठवडा होता, तिच्या वाढदिवसाला नऊ दिवस होते. मी सांगितलं, तुझे वडील तेव्हा पत्रे मोजत होते. दुसरं काही त्यांच्या मनात नव्हतं. मी स्वतः ऐकलं.

तिनं माझ्याकडे नीट बघितलं, मी हेही मनानं सांगतोय का, ते बघावं तसं.

"किती झाले होते?" तिनं विचारलं.

"काय?"

"पत्रे. मोजत होते ना, मग कितीपर्यंत आले होते?"

मी तिथे उभा होतो, ऐकत होतो, आणि हे मी विचारलं नव्हतं. एखादा आकडा तोंडावर आलाही होता. मी तो गिळला.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "मी विचारलं नाही."

"बरं," ती म्हणाली. दप्तर खांद्यावर सरळ केलं. "घरी गेल्यावर मी विचारते बाबांना."